विनोदी नटाचे पान कोणत्या पंगतीत?

मराठी मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका जपून ठेवण्याची आम्हाला जुनी खोड आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या पत्रिकांचा गठ्ठा परवा सोडून बसलो, तेव्हा एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. व्याख्यानासाठी आलेले साहित्यिक, सत्कारासाठी आलेले गायक, अध्यक्षपदासाठी आलेले समीक्षक यांची नावे पहिल्या पानावर, पदव्यांसह आणि छायाचित्रांसह छापलेली आहेत. विनोदी नाटक घेऊन आलेल्या नटाचे नाव शेवटच्या पानावर, ‘मनोरंजन’ या मथळ्याखाली आहे. त्याखालच्याच ओळीत ‘नंतर अल्पोपाहार’. काही पत्रिकांत तर नावही नाही. ‘मुंबईचे सुप्रसिद्ध हास्यकलाकार’ एवढ्यावर भागवलेले आहे. आणि सभागृह तुडुंब भरले ते कोणत्या दिवशी, हे आपण सर्वजण जाणतो. व्याख्यानाला पुढच्या दोन रांगा भराव्यात म्हणून मागच्यांना विनवावे लागते. विनोदी नाटकाला जिन्यातही बसायला जागा नसते.

हा केवळ छपाईचा प्रश्न असता, तर त्यासाठी लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु त्या पत्रिकांमागे आपली एक पक्की समजूत उभी आहे. ती अशी, की रडवणारा नट तो कलावंत आणि हसवणारा नट तो करमणूकदार. ही समजूत चुकीची आहे, अन्यायाची आहे, आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या बाबतीत तर ती कृतघ्नपणाचीही आहे, असे आमचे म्हणणे आहे.

अन्याय दुसऱ्या कोणी केला असे सांगून आम्हाला सुटता येणार नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही ज्या मंडळाचे काम पाहत होतो, तेथे हिशेबाची वही आमच्याकडे होती. मुंबईहून एक नाटक आले. प्रयोग रात्री साडेबाराला संपला. बाहेर बसच्या टपावर पेट्या चढत होत्या. मंडळींना पहाटेपूर्वी सेंधव्याचा घाट उतरून पुढच्या मुक्कामाला पोहोचायचे होते. तिकीटविक्री अपेक्षेहून कमी झाली, म्हणून ठरलेल्या रकमेतून अडीच हजार रुपये कमी करून पाकीट घेऊन आम्ही रंगपटात गेलो. ज्या नटाने अडीच तास सभागृह डोक्यावर घेतले होते, तो खोबरेल तेलाने चेहऱ्यावरचा रंग पुसत बसला होता. त्याने पाकीट मोजले नाही. हसण्यात आम्ही काही काटछाट केली होती काय, एवढेच त्याने शांतपणे विचारले. आमच्यासोबतच्या एका सभासदाने हा विनोद समजून त्यावरही टाळी दिली. आम्ही दिली नाही. परंतु ते अडीच हजारही दिले नाहीत. त्याच वर्षी व्याख्यानाला आलेल्या विद्वानांना वातानुकूलित डब्याचे भाडे, शाल, श्रीफळ आणि तबकातले पाकीट दिले होते. त्या पाकिटात काटछाट सुचवण्याची कुणाची छाती झाली नसती.

आपल्याला विनोदाचे वावडे आहे असेही नाही. विनोदी लेखकाला आपण डोक्यावर घेतो. चिं. वि. जोशी हे बडोद्याच्या मराठी माणसाला आपल्या घरचे वाटतात, आणि ते योग्यच आहे. बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकवणारा, तेथील राजदप्तर सांभाळणारा हा विद्वान गृहस्थ चिमणरावाला जन्म देऊन गेला. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात होते आणि त्यांचे ‘रावसाहेब’ बेळगावचे, हे तिकडची मंडळी आजही अभिमानाने सांगतात. परंतु १९४० सालच्या ‘लग्न पहावं करून’ या चित्रपटात त्या चिमणरावाला हाडामांसाचा देह देणारे दामुअण्णा मालवणकर आपल्या किती घरांत आठवले जातात? तिरळ्या नजरेचे, जे दुसऱ्या कोणाच्या बाबतीत व्यंग ठरले असते, त्यांनी भांडवल केले. आपल्याकडे पाहून लोक हसणारच आहेत, तर ते आपण ठरवू त्या क्षणी हसतील, असा तो करार होता. गडकऱ्यांचा तळीराम तर मराठीत सामान्यनाम होऊन बसला. पण तो तळीराम रंगमंचावर उभा करणाऱ्या नटांची नावे विचारली, की आपण एकमेकांकडे पाहतो. कागदावरचा विनोद हे साहित्य आणि देहावर घेतलेला विनोद हे चाळे, असा हा भेद आहे. साहित्यसंस्थांनी तो जोपासावा हे नवल नाही. परंतु तो खरा नाही. लेखकाने लिहिलेले वाक्य हसवत नाही. ते कोणी, कसे आणि नेमके केव्हा म्हटले, ते हसवते. तेच वाक्य आपल्या वार्षिक संमेलनात आपल्यापैकी कोणी म्हणून पाहावे. सभागृहातली शांतता त्याला पुष्कळ काही शिकवील.

शास्त्राचा आधार हवा असेल, तर तोही आहे. भरतमुनींनी आठ रस सांगितले, त्यांत हास्याला स्थान दिले. त्याला अल्पोपाहारासोबत बसवले नाही. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असतो. ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय चारुदत्ताच्या दारिद्र्यातही त्याचे घर सोडत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राजा संस्कृतात बोलतो. विदूषक जातीने ब्राह्मण असूनही प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीत बोलतो. तमाशातला सोंगाड्या हेच करतो. ‘गाढवाचं लग्न’मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार हेच करीत होता. कोकणात आणि गोव्यात दशावतारातला संकासूर देवाधर्माच्या कथेत शिरून गावच्या बोलीत गावचेच उणे काढतो. जिवंत बोली रंगभूमीवर आणण्याचे काम हसवणाऱ्याकडे हजार-दीड हजार वर्षांपासून चालत आले आहे.

आणि येथेच आपला, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांचा, खरा संबंध येतो. आपल्या घरातली मराठी कोणी टिकवली, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे ठरवू. आम्ही नातवंडांना कादंबऱ्या आणून दिल्या. त्या आमच्याच कपाटात परत आल्या. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, कोठे कन्नड, कोठे गुजराती, कोठे तेलुगू. घरात आजीपुरती मराठी. अशा मुलांना १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ आरंभापासून शेवटपर्यंत पाठ आहे. ज्या मुलाला ‘ळ’ नीट म्हणता येत नाही, तो अशोक सराफ यांच्या लकबीने अख्खा प्रसंग म्हणून दाखवतो, आणि म्हणताना त्याचा ‘ळ’ बरोबर येतो. परभाषेत राहणाऱ्या मुलाला विनोद कळणे ही भाषा अंगात मुरल्याची शेवटची परीक्षा असते. दुःख कोणत्याही भाषेत कळते. कोटी कळायला भाषा घरची असावी लागते. आपल्या मंडळांनी पन्नास वर्षे ठराव करून जे साधले नाही, ते लक्ष्मीकांत बेर्डे, अशोक सराफ, सुधीर जोशी यांनी आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन साधले. त्यांना आपण ‘करमणूक’ म्हणतो.

आता श्रमांविषयी. विनोदी अभिनय हा स्वभावाचा भाग आहे, तो माणूस ‘मुळातच गमती’ असतो, अशी आपली समजूत आहे. त्यामुळे पंगतीत त्याच्या पानावर जिलेबी वाढता वाढता आपण म्हणतो, “दोन किस्से होऊन जाऊ द्या!” शल्यविशारद जेवायला आला, तर त्याला कोणी पंगतीत गळू फोडायला सांगत नाही.

वस्तुतः हे अत्यंत मोजून-मापून करायचे काम आहे. हशा उसळला, की नटाला थांबावे लागते. फार लवकर पुढचे वाक्य घेतले, तर ते हशात बुडते. फार उशिरा घेतले, तर हशा विरून प्रयोग बसतो. लाट ओसरू लागली आहे, पण वाळू अजून ओली आहे, अशा क्षणी वाक्य टाकायचे असते. तो क्षण दादरला वेगळा, ग्वाल्हेरला वेगळा, हैदराबादेत वेगळा. आपल्याकडच्या प्रेक्षकाला मुंबईच्या लोकलवरची कोटी उशिरा कळते. घरमालकावरची लगेच कळते. जाणता नट पहिल्या दहा मिनिटांत हे ओळखतो आणि उरलेल्या दोन तासांचे माप बदलतो. गंभीर नटाला सोय असते. प्रेक्षक गप्प राहिले तर ते भारावून गेले, असे मानता येते. विनोदी नटाला ती पळवाट नाही. त्याचा निकाल दर अर्ध्या मिनिटाला, जाहीरपणे, तोंडावर लागतो. शिवाय घरी आजारपण असो की परतीच्या भाड्याची विवंचना, ठरलेल्या वाक्याला त्याने पहिल्यांदाच सुचल्यासारखे दिसले पाहिजे. विजय चव्हाणांनी ‘मोरूची मावशी’ या अत्र्यांच्या नाटकात नऊवारी नेसून वर्षानुवर्षे शेकडो प्रयोग केले. प्रत्येक रात्री ते लुगडे प्रथमच नेसल्याचा गोंधळ त्यांना दाखवायचा होता.

संख्येचा हिशेब आम्हाला नोकरीमुळे जवळचा. प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी आपला १२,५०० वा प्रयोग केला. दररोज एक, रविवार नाही, दिवाळी नाही, आजारपणाची रजा नाही, असे धरले तरी हा आकडा गाठायला चौतीस वर्षे लागतात. आम्ही राज्य सरकारच्या सेवेत जवळपास तेवढीच वर्षे काढली. त्यांत किरकोळ रजा, अर्जित रजा, सणावारांच्या सुट्ट्या आणि फायलीमागे घेतलेल्या डुलक्या वजा केल्या, तर आमचे ‘प्रयोग’ किती उरतील, हे न विचारलेले बरे. तरीही महिन्याच्या पहिल्या तारखेला निवृत्तिवेतन आमच्या खात्यात येते. नटाला मिळते ती ‘नाईट’. प्रयोग झाला तर नाईट. पावसाने, निवडणुकीने, शहर बंदच्या हाकेने प्रयोग रद्द झाला तर काही नाही. २०२० साली नाट्यगृहांना कुलुपे लागली, तेव्हा या ‘नाईट’वर जगणाऱ्यांचे काय झाले असेल, याची चौकशी करणारा ठराव आमच्या माहितीत तरी आपल्या कोणत्या मंडळाने केला नाही. ‘मनोरंजनाचे कार्यक्रम पुढे ढकलले’ एवढेच आपण कळवले.

म्हणूनच या लोकांनी पोटासाठी काय काय केले, हे पाहण्यासारखे आहे. १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात लागला, तेव्हा त्याचे नायक राजा गोसावी त्याच चित्रपटगृहाच्या खिडकीत तिकिटे विकत होते. अशोक सराफ यांनी कित्येक वर्षे स्टेट बँकेत नोकरी करीत नाटके केली. लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होते. आमच्या इंदुरात जन्मलेले बदरुद्दीन काझी मुंबईत बेस्टच्या बसचे वाहक होते. जॉनी वॉकर ते नंतर झाले. मुलाने नट व्हायचे म्हटले, की आपल्या घरांत चेहरे पडतात; विनोदी नट व्हायचे म्हटले, तर ती आणखी थट्टाच वाटते. या लोकांनी ती भीती पत्करली, आणि आपण निर्धास्तपणे खुर्चीत बसून हसलो.

बरे, हसवणाऱ्याने वेगळे काही करू पाहिले, तर आपण करू देतो का? १९९२ साली जब्बार पटेल यांनी पु. लं.च्या लेखनावर ‘एक होता विदूषक’ हा चित्रपट केला. लोकांना हसवता हसवता स्वतःचे हसू हरवून बसलेल्या कलावंताची ती कथा. मुख्य भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरवली. आम्हीही तो चित्रपटगृहात पाहिला नाही. ‘लक्ष्या’ रडताना कशाला पाहायचा, असे आमच्याच तोंडचे शब्द होते. पुढे ते पुन्हा आपल्याला हवे तसे हसवत राहिले आणि १६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी गेले. त्यानंतर सर्वांनी लिहिले, की त्यांच्यातल्या गंभीर नटाला संधी मिळाली नाही. ती कोणी दिली नाही, हे लिहिणारे थोडेच होते. आणि त्याहून मोठी चूक पुढेच आहे. ते गंभीर नट होऊ शकले असते म्हणून मोठे नव्हते. ते विनोदी नट होते, आणि तसेच मोठे होते.

‘विनोदी नट असूनही’ या शब्दप्रयोगातल्या ‘असूनही’वर आमचा मुख्य आक्षेप आहे. दिलीप प्रभावळकरांनी छोट्या पडद्यावर चिमणराव केला, ‘हसवाफसवी’त एकाच प्रयोगात सहा माणसे उभी केली. परंतु राष्ट्रीय पुरस्काराचा शिक्का २००६ सालच्या गांधीजींच्या भूमिकेमुळे बसला, तेव्हा कुठे काहींना हे थोर नट असल्याचा साक्षात्कार झाला. अशोक सराफ व्यावसायिक रंगभूमीवर आले ते १९६९च्या सुमारास, शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’तला विदूषक होऊन. त्यांना २०२३ सालचा महाराष्ट्र भूषण मिळाला आणि २०२५ साली पद्मश्री, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. विदूषकापासून पद्मश्रीपर्यंत सुमारे पंचावन्न वर्षे! आनंद आहेच, परंतु इतका उशीर कशाचा, हेही विचारले पाहिजे.

आता आक्षेपांकडे वळू. कोणी म्हणेल, आजचा विनोद पाचकळ झाला आहे. द्व्यर्थी, अंगविक्षेपांचा, जाड्या-काळ्या माणसांना हिणवणारा. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. रंगावर, शरीरावर, पुरुषाला साडी नेसवण्यावर सहज मिळणारा हशा हा स्वस्तातला माल आहे. परंतु २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’ने आणि पुढे ‘हास्यजत्रे’ने लावलेली सवय पाहा. आठवड्यामागून आठवडे नवे प्रहसन लिहायचे, बसवायचे आणि सादर करायचे. जुन्या नटाला एक नाटक पन्नास प्रयोगांत घासूनपुसून घेता येत असे. यांना एकच रात्र मिळते. असे असताना त्यांतले काही उत्तम निघते, याचेच आश्चर्य मानावे. आणि पाचकळ गंभीर नाटके काय कमी झाली? तिसऱ्या अंकातला कर्करोग, दारूडा मुलगा, पाय धरणारी सून. या सर्वांवर आपण डोळे पुसले आहेत. वाईट शोकनाट्यावरून आपण शोकरसाला नावे ठेवत नाही. मग हास्यालाच हा न्याय का?

दादा कोंडके यांचे नाव या संदर्भात हमखास निघते. ‘विच्छा माझी पुरी करा’ने महाराष्ट्र गाजवणारा, १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून ओळीने रौप्यमहोत्सवी चित्रपट देणारा हा नट. आपल्या प्रतिष्ठित घरांनी त्याला अश्लील ठरवले आणि अंधार पडल्यावर चित्रपट पाहून घेतला. त्यांच्या काही उत्तरकालीन विनोदांचे समर्थन आम्हीही करणार नाही. परंतु लपून हसायचे आणि उघडपणे नाक मुरडायचे, यातला दोष नटाकडे किती आणि आपल्याकडे किती, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

नुसती तक्रार करून थांबणे बरे नव्हे. म्हणून आपल्या मंडळांपुढे चार सूचना ठेवतो. पहिली, पत्रिकेत नटाचे नाव पहिल्या पानावर, पूर्ण, आणि ‘मनोरंजन’ हा मथळा कायमचा रद्द. दुसरी, ठरलेले मानधन लेखी ठरावे आणि तिसरी घंटा होण्यापूर्वी हाती पडावे. तिकिटे खपली नाहीत, तर तो तोटा आपला. तिसरी, व्याख्यानमालेतले एक पुष्प दरवर्षी विनोदी नटासाठी राखावे. त्याने किस्से सांगू नयेत. हशा कसा बांधतात, तो कोठे फसतो, हे सांगावे, आणि आपण वहीत टिपून घ्यावे. चौथी, पंगतीत त्याला जेवू द्यावे.

यातली तिसरी सूचना आमच्या मंडळाच्या बैठकीत नुकतीच मांडली. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, की व्याख्यानमालेची प्रतिष्ठा राहील काय. आम्ही त्यांना गेल्या वर्षीची उपस्थितीची नोंद दाखवली नाही. तो मुद्दा नव्हे. आम्ही त्यांना त्यांच्या नातवाविषयी विचारले. तो परदेशी शिकायला गेला आहे, आणि रात्री खोलीत एकटा मराठी चित्रपट लावून बसतो, असे त्यांनीच पूर्वी सांगितले होते. कोणते चित्रपट, हेही त्यांनी सांगितले होते. ते काही वेळ बोलले नाहीत. विषय पुढील बैठकीसाठी ठेवला आहे.

त्या बैठकीला आम्ही जुनी हिशेबाची वहीही नेणार आहोत. अडीच हजार रुपयांची ती नोंद अजून तिच्यात आहे, ‘बचत’ या सदराखाली. ती खोडून ‘देणे’ या सदरात घ्यावी आणि रक्कम आमच्याकडून वसूल करून योग्य ठिकाणी पोहोचवावी, असा अर्ज आम्ही रीतसर देणार आहोत.